पंगतीचें शेवटचें पान

लग्नाच्या पंगतीला मांडी घालून बसण्याचा प्रसंग आतां पूर्वींइतका येत नाहीं. पण जुन्या वाड्यांतल्या लांबच लांब पंगती ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांना एक गोष्ट खात्रीनें आठवेल. स्वयंपाकघराच्या दाराशीं ज्यांचीं पानें मांडलेलीं असत त्यांना कशाचीच उणीव भासत नसे. वाढपी उंबरठा ओलांडतो न ओलांडतो तोंच "इकडे वरण!", "इकडे मठ्ठा!" असा पुकारा होई आणि तो बिचारा तेथेंच वांके. अंगणाच्या पार टोंकाला, जेथें वहाणांचा ढीग सुरू होई तेथें बसलेला पाहुणाही हांक मारीतच असे. कित्येकदां तर तो दाराजवळच्यांपेक्षां मोठ्यानें ओरडे. पण त्याची हांक अंगणभर चालून दाराशीं पोंचेपर्यंत इतकी क्षीण होई, कीं जवळच्यांच्या आपसांतल्या साध्या बोलण्यांतही ती बुडून जाई. जवळच्यांच्या मनांत वाईट कांहींच नसे. ते फक्त जवळ बसलेले असत.

माझा जन्म टेलिफोनच्या तारांच्या सहवासांत गेला, आणि त्यांतलीं कांहीं वर्षें इंग्लंडांत मला जें काम करावें लागलें तें याच पंगतीच्या बंदोबस्ताचें होतें. दाराजवळच्यांनीं हळू बोलावें अशी आज्ञा द्यावयाची, आणि किती हळू बोलावें तें एका डेसिबलच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत मोजून द्यावयाचें. ऐकणारांना हें काम पोरकट वाटतें. घरीं सौभाग्यवतीला मी तें प्रथम समजावून सांगितलें तेव्हां ती म्हणाली, "म्हणजे शाळेंतल्या मास्तरांचेंच काम कीं!" तिचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें.

टेलिफोनवर दुसऱ्याचेंच बोलणें ऐकूं येणें ही गोष्ट आपल्याकडे कोणाला नवी नाहीं. 'क्रॉस कनेक्शन' हा शब्द एके काळीं मुंबई-पुण्याच्या घराघरांतून मराठी शब्दासारखा वावरत होता. आपण मावशीला फोन करावा आणि मध्येंच कोणा अनोळखी शेटजींनीं सरकीच्या भावाची चौकशी करावी, असें नेहमीं चाले. त्यांतलें पुष्कळसें तारांना तारा भिडल्यामुळें किंवा केंद्रांतल्या यंत्राच्या चुकीमुळें होत असे. मी ज्याविषयीं लिहितों आहें तो प्रकार याहून सूक्ष्म आहे. त्यांत तारेला तार लागत नाहीं, आवरण फाटत नाहीं, कोठेंही बिघाड नसतो. एका तारेंतून विजेचा प्रवाह थरथरत गेला, कीं शेजारच्या तारेंत त्याची अस्पष्ट थरथर आपोआप उमटते. हा निसर्गाचाच नियम आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यानें यावर एक उपाय काढला व १८८१ सालीं त्याचें पेटंट घेतलें: जाणारी तार आणि येणारी तार एकमेकींभोंवतीं वेणीसारखी पिळावयाची, म्हणजे शेजाऱ्याची थरथर दोघींवर सारखी पडते व बरीचशी आपोआप वजा होते. त्याच्या पुढच्याच वर्षीं, १८८२ च्या जानेवारींत, कलकत्ता, मद्रास व मुंबई येथें टेलिफोनचीं केंद्रें उघडलीं. तेव्हांपासून आजतागायत जमिनीखालीं जें तांबें पुरलें गेलें त्यांतलें बहुतेक या पिळाच्या भरंवशावर चाललें आहे.

पण हा भरंवसा माणसाच्या आवाजापुरता होता. माणसाच्या बोलण्याला टेलिफोनवर दर सेकंदास तीन-साडेतीन हजार कंपनें पुरतात. पुढें त्याच जुन्या तारांतून इंटरनेट नेण्याची युक्ति निघाली, आणि व्हीडीएसएल नांवाच्या तिच्या नव्या प्रकारांत कंपनांची संख्या कोटीच्याही पुढें गेली. कंपनें जितकीं जलद तितकी शेजारच्या तारेंत होणारी गळती अधिक, आणि वाटेंत होणारी झीजही अधिक. म्हणजे दुहेरी संकट. त्यांतलें अर्धें संकट एका सोप्या तोडीनें टळलें. घराकडे येणाऱ्या मजकुरासाठीं कंपनांचे कांहीं पट्टे राखून ठेवले, घराकडून जाणाऱ्या मजकुरासाठीं दुसरे ठेवले. त्यामुळें एकाच्या ओरडण्यानें शेजारच्याच्या कानाशीं दडे बसण्याचें थांबलें. उरलें तें संकट पंगतीचें.

रस्त्याच्या कडेला एक हिरवी पेटी असते. इंग्लंडांत ती हिरवीच असते आणि बहुधा तिच्यावर कोणी तरी कांहीं तरी लिहून ठेवलेलें असतें. तिच्यांतून निघालेली जाड केबल गांवांत शिरते. शंभर पावलांवर एका घराची जोडी फुटून बाहेर पडते, आणखी पुढें दुसऱ्याची, असें होत होत केबल बारीक होत जाते आणि शेवटीं दूरच्या एखाद्या घराशीं संपते. पेटीकडून घराकडे येणाऱ्या मजकुराचें बरें असतें. सर्वांचे आवाज एकाच ठिकाणाहून, एकाच जोरानें निघतात व बरोबरीनेंच थकतात. उलट दिशेला मात्र अन्याय सुरू होतो. दूरच्या घराचा आवाज पाऊण किलोमीटर चालून, थकून, जेव्हां पेटीजवळच्या शेवटच्या शंभर मीटरांत येतो, नेमका तेथेंच जवळच्या घराचा ताजा, टवटवीत आवाज त्याच्या शेजारून धांवूं लागतो.

थोडा हिशेब करून पाहूं. आंकड्यांचा कंटाळा असणाऱ्यांनीं हा परिच्छेद खुशाल ओलांडावा. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेंत दर सेकंदास चाळीस लक्ष कंपनांवर एका किलोमीटरला सुमारें चाळीस डेसिबलांची झीज होते. घर शंभर मीटरांवर असलें तर झीज चार डेसिबल, आठशें मीटरांवर असलें तर बत्तीस. अंतर अठ्ठावीस डेसिबलांचें. डेसिबल हें माप मोठें फसवें आहे. अठ्ठावीस म्हणजे शक्तीच्या भाषेंत सहाशें तीस पट. जवळच्याच्या आवाजांतला दहा हजारांत एखादाच भाग शेजारच्या तारेंत गळतो हें खरें; पण ज्याच्या पदरीं मूळचाच सहाशेंवा हिस्सा उरला आहे त्याला तेवढी गळतीही जड जाते, आणि जवळचीं घरें एक नसून दहा-पंधरा असतात.

आतां ज्या प्रसंगामुळें हें सारें माझ्या मनांत रुतून बसलें तो सांगतों. साल २०१४. यॉर्कशायरमधल्या एका डोंगराळ भागांत आम्हीं चार-सहा मराठी कुटुंबें गणपतीच्या निमित्तानें एकत्र जमत असूं. त्यांत सातारकडची एक मुलगी येई. ती तिथल्या रुग्णालयांत नर्स होती आणि गांवाबाहेरच्या एका जुन्या घरांत राहत होती. तिची आई वाईजवळच्या एका खेड्यांत एकटी. रात्रपाळी नसली कीं मायलेकी संगणकाच्या पडद्यावर भेटत. त्या दिवशीं आरती झाल्यावर प्रसादाची वाटी हातांत घेऊन ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही ह्याच खात्यांत आहांत ना? मला आई दिसते, पण मी आईला दिसत नाहीं."

मीं विचारलें, "अगदींच दिसत नाहींस?"

"चौकडीचौकडीची दिसतें म्हणते. परवां विचारीत होती, तूं आजारी आहेस आणि मला तोंड दाखवीत नाहींस असें तर नाहीं ना?"

तक्रार तिनें केव्हांच नोंदविली होती. लाइनमन दोनदां येऊन गेले होते. त्यांनीं तार तपासली, सांधे तपासले, घरांतली पेटी बदलली, आणि लाइन निर्दोष आहे असा शेरा मारला. तो शेरा अक्षरशः खरा होता. तिच्या तारेंत कांहींच बिघडलेलें नव्हतें. दोन वर्षांपूर्वीं तिनें जोडणी घेतली तेव्हां गांवांत तिच्यासारखे एक-दोनच ग्राहक होते, आणि आईला लेक स्वच्छ दिसत होती. मग पेटीजवळच्या नव्या वसाहतींत एकेका घरानें जोडणी घेतली, आणि प्रत्येक नव्या घराबरोबर वाईच्या पडद्यावरचा चेहरा थोडाथोडा पुसट होत गेला. शिवाय हीं यंत्रें आपल्यासारखीं बोलणें संपल्यावर गप्प बसत नाहींत. घरांत माणूस असो नसो, पाठवावयास मजकूर असो नसो, मोडेम अखंड बडबडत असतो. म्हणून अवेळीं उठून पहांटे तीनला बोललें तरी तिला फरक पडत नव्हता. तो प्रयोगही तिनें करून पाहिला होता.

ज्या संस्थेचें हें काम होतें तिचें नांव घेण्याचें प्रयोजन नाहीं. तिच्या नोंदींत त्या पेटीच्या जाणाऱ्या पट्ट्यांपुढें लिहिलें होतें: ए चाळीस, बी शून्य. हे आंकडे निरुपद्रवी दिसतात. जाणकाराला मात्र त्यांचा अर्थ ठाऊक असतो. त्यांचें थोडें स्पष्टीकरण केलें पाहिजे.

व्हीडीएसएलच्या दुसऱ्या आवृत्तीचा आंतरराष्ट्रीय नियमग्रंथ २००६ सालचा. त्यांत पंगतीचा बंदोबस्त असा केला आहे: प्रत्येक घरानें किती मोठ्यानें बोलावें हें ठरवावयाचें नाहीं, त्याचा आवाज पेटीशीं पोंचेल तेव्हां केवढा असावा हें ठरवावयाचें. ही पोंचण्याची पातळी 'ए' आणि 'बी' या दोन आंकड्यांनीं सांगतात. कंपनसंख्या दशलक्षांत घ्यावी, तिच्या वर्गमूळानें बीला गुणावें, त्यांत ए मिळवावा; पोंचतांना आवाज ठराविक मापापेक्षां तितके डेसिबल खालीं असावा. वर्गमूळच कां, तर तांब्याच्या तारेंतली झीजही जवळजवळ वर्गमूळाच्याच चालीनें वाढते. उदाहरणापुरतें ए सत्तेचाळीस व बी एकोणीस धरूं. वरच्या चाळीस लक्ष कंपनांचें वर्गमूळ दोन. म्हणून पोंचण्याची पातळी उणें पंच्याऐंशी. आठशें मीटरांवरच्या घराची झीज बत्तीस, त्यानें उणें त्रेपन्नवर बोलावें; हा जवळजवळ पूर्ण कंठ झाला. शंभर मीटरांवरच्यानें उणें एक्क्याऐंशीवर, म्हणजे कुजबुजावें. दोघेही पेटीशीं पोंचतात ते सारख्याच आवाजानें. ए चाळीसपासून ऐंशीच्या थोडा पुढें आणि बी शून्यापासून चाळीसच्या थोडा पुढें असा कोणताही घेतां येतो, आणि प्रत्येक जाणाऱ्या पट्ट्याला वेगळी जोडी देतां येते. सर्वांत खालच्या पट्ट्याला तेवढी सूट आहे, कारण तेथें झीजच थोडी. मात्र चाळीस आणि शून्य ही जोडी राखीव आहे. तिचा अर्थ, हा नियम या पट्ट्यांत लागूं करूं नये. एखाद्या चांचणीच्या वेळीं कोणी तरी ती लिहिली असावी आणि पुढें ती तशीच राहून गेली असावी.

या नियमांतला मला सर्वांत गमतीचा वाटणारा भाग असा, कीं आपण पेटीपासून किती दूर आहों याचा अंदाज घरचा मोडेम स्वतःच करतो. येणाऱ्या आवाजांत किती झीज झाली तें पाहून तो आपलें 'विद्युत् अंतर' ठरवितो आणि त्याप्रमाणें आपला आवाज आवरतो. प्राप्तिकराच्या विवरणपत्रासारखाच हा प्रकार झाला. अर्थात् शेवटचा शब्द पेटीचा असतो. तिला वाटलें तर ती घराचा अंदाज बाजूला सारून आपला आंकडा लादते. घरांत जुन्या तारेचा एखादा फुकटचा फांटा लोंबत असला कीं मोडेमचा अंदाज चुकतो. तो स्वतःला आहे त्याहून लांबचा समजतो आणि बिनदिक्कत ओरडूं लागतो. असे मोडेम मीं पुष्कळ पाहिले. माणसें तर त्याहूनही पुष्कळ.

मीं योग्य ते चार आंकडे, दोन पट्ट्यांच्या दोन जोड्या, त्या पेटीसाठीं सुचविले. वरिष्ठांची संमति मिळाली. एका रात्रीं पेटीवरचे सारे मोडेम पुन्हां जुळवून घेण्यासाठीं क्षणभर बंद पडून चालू झाले. दुसऱ्या दिवशीं त्या मुलीचा फोन आला. तिनें यंत्रांविषयीं अवाक्षर काढलें नाहीं. "आई म्हणाली, केंस कधीं कापलेस?" एवढेंच म्हणाली आणि हसली. केंस कापून तिला चार महिने झाले होते.

हकीकत येथें थांबविली असती तर ती फार गोड झाली असती. पण त्याच आठवड्यांत पेटीजवळच्या एका घरांतून पत्र आलें. लिहिणारे गृहस्थ निवृत्त शाळामास्तर होते. ते पक्ष्यांचीं छायाचित्रें काढीत व आपल्या मित्रांना पाठवीत. त्यांनीं अतिशय सभ्य भाषेंत विचारलें होतें, कीं परवांपर्यंत माझीं चित्रें ज्या गतीनें जात होतीं ती गति एकाएकीं कमी झाली आहे. पैसे मी तेवढेच देतों. तर माझा अपराध काय? त्यांचें म्हणणें बरोबर होतें. अपराध कांहींच नव्हता, आणि त्यांच्यापासून खरोखरच कांहीं तरी काढून घेतलें होतें. आमच्या धंद्यांतले लोक या गोष्टीवर पांघरूण घालतात, हें मला आवडत नाहीं. जवळच्याला हळू बोलावयास लावलें म्हणजे त्याचें कांहीं बिघडत नाहीं असें सांगतात. तें सर्वस्वीं खरें नाहीं. कुजबुजीत थोडा मजकूर कमी मावतो. माझा एक इंग्रज सहकारी तर या नियमाच्या विरुद्धच होता. तो म्हणे, त्या माणसानें पेटीजवळ घर घेतलें हें त्याचें नशीब. नशीब वांटून देण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला? मीं त्याला विचारलें, आजवर त्या मास्तरांची चित्रें इतक्या जलद जात होतीं ती स्वतःच्या तारेच्या बळावर, कीं शेजारणीचें बोलणें बुडवून? त्यावर तो म्हणाला, त्यांना तें ठाऊक नव्हतें. हें मात्र निर्विवाद होतें. या पंगतींत कोणाला कोणाचें पानच दिसत नाहीं.

पत्राला उत्तर पाठविण्याचा एक छापील मसुदा कचेरींत होता: आपली लाइन विहित मर्यादेंत काम करीत आहे. मला तो सही करवेना. दूरच्या घराचें नांव सांगतां येत नव्हतें, तें सांगणें उचितही नव्हतें. पण केबलीच्या टोंकाला कोणी तरी आहे, आणि आपल्या आवाजाखालीं त्याचा आवाज नाहींसा होत होता, एवढें मीं लिहिलें. मास्तरांचें उत्तर आलें नाहीं. पुन्हां तक्रारही आली नाहीं. यांतून कोणता अर्थ काढावा तें मी ठरवूं शकलों नाहीं.

त्या सहकाऱ्याच्या म्हणण्यांत एक तथ्य होतें, तें मला उशिरां पटलें असें नव्हे, पहिल्यापासूनच पटत होतें. संस्था बहुधा एकच जोडी ठरविते आणि ती शेंकडों पेट्यांना सरसकट लावते. आतां एखादी पेटी अशी असते, कीं तिचीं सारीं घरें दीडशें मीटरांच्या आंत. टोंकाला कोणीच नाहीं. तेथें सर्वांना कुजबुजावयास लावून कोणाचें भलें होतें? रिकाम्या अंगणाच्या मानासाठीं दाराजवळच्यांनीं उपाशी बसण्यासारखें तें आहे. पुढें नियमग्रंथांत एक सुधारणा झाली ती याच दिशेची. जवळच्या घराची तार दूरच्याच्या तारेशेजारून थोडेच अंतर जाते, म्हणून त्याची गळतीही थोडी. तेव्हां त्याचा आवाज पूर्वींइतका दाबण्याचें कारण नाहीं, हें तिनें हिशेबांत घेतलें. तिच्यासाठीं आणखी एक आंकडा द्यावा लागतो, आणि तो नीट देण्यासाठीं त्या केबलीवर कोण कोठें आहे हें पाहावें लागतें. पाहण्याचा आळस हाच या कामांतला मोठा शत्रु.

आपल्याकडे हा प्रश्न फारसा उभा राहिला नाहीं. २००५ सालीं सरकारी ब्रॉडबँड सुरू झालें तें एडीएसएल पद्धतीचें. तींत घराकडून जाणारा पट्टा अगदीं खालच्या कंपनांचा, तेथें झीज कमी, म्हणून जवळ-दूरचा भेदही कमी. पुढें आपण तांब्याच्या वाटेवर फार न रेंगाळतां मोबाइलकडे व कांचेच्या तंतूकडे वळलों. युरोपांत मात्र त्या वाटेचा शेवटचा कणही वापरून घेण्यांत आला. २०१० सालीं एक नवा नियम निघाला; त्यांत पेटीच सर्व तारांची गळती एकदम मोजते आणि गणितानें ती वजा करून टाकते. जेथें ही सोय आली तेथें हळू बोलण्याचें महत्त्व पुष्कळ उतरलें, जरी तें अगदींच नाहींसें झालें नाहीं.

आणि आतां कांचेचा तंतु आला आहे. त्यांत एकाच तंतूवर बत्तीस, चौसष्ट घरें बसविलेलीं असतात, पण एकाच वेळीं दोघांना बोलूं देत नाहींत. केंद्र प्रत्येकाचें अंतर मोजून ठेवतें आणि ज्याच्या-त्याच्या बोलण्याचा क्षण नेमून देतें, असा कीं दूरच्याचा प्रकाश आणि जवळच्याचा प्रकाश वाटेंत एकमेकांवर आदळूं नये. येथें कोणी कोणाला बुडवीत नाहीं. अर्थात् कोणाची पाळी किती लांब असावी हा आंकडा तेथेंही कोणाला तरी लिहावा लागतोच. माझ्यामागून आलेले तरुण अभियंते तो लिहितात, आणि त्यांच्याही टेबलावर सभ्य भाषेंतलीं पत्रें येतात असें ऐकतों.